तीन प्रती पुरत नाहीत: किरणांनी बिट उलटला तरी चालत राहणारं एफपीजीए डिझाइन

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरू लागले की ‘रेडिएशन टॉलरंट एफपीजीए’ हे शीर्षक अधूनमधून यादीत दिसतं: आत हवं ते सर्किट भरता येणारी, आणि किरणांचा मारा सोसूनही चालत राहणारी चिप. त्यामागची हौस समजण्यासारखी आहे. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांचे उपग्रह २०१६ मध्ये कक्षेत गेले. २०२२ पासून इस्रो पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर ‘पोएम’ या नावाने छोट्या प्रयोगांना जागा देते आहे. आपलाही एखादा बोर्ड वर जावा असं कुणाला वाटणार नाही?

पण या प्रोजेक्टांत काम बहुधा इतकंच असतं: सर्किटच्या तीन प्रती करायच्या, शेवटी तिघींचं बहुमत घेणारा एक व्होटर बसवायचा, सिम्युलेशनमध्ये एका प्रतीचा सिग्नल मुद्दाम बिघडवायचा आणि आउटपुट बरोबर आलं की स्क्रीनशॉट घ्यायचा. अशा सर्किटचं सरासरी आयुष्य एकट्या सर्किटपेक्षा कमी भरतं. हा टोमणा नव्हे, साधं गणित आहे, आणि ते पुढे मांडलंच आहे. तुमच्याकडे बेसिस ३ किंवा आर्टी ए७-३५टी हा शिकाऊ एफपीजीए बोर्ड आहे, व्हिव्हाडो हे त्याचं डिझाइन सॉफ्टवेअर हाताळता येतं, असं धरून सगळं काम पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून एक छोटं सर्किट घेऊ: बाहेरून येणाऱ्या पल्स मोजणारा ३२ बिटी काउंटर, नोंदी साठवणारा ब्लॉक रॅमचा (चिपमधल्याच मेमरीचा) बफर, त्या युआर्टवरून (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या साध्या दुव्यावरून) पाठवणारं भाग-सर्किट आणि अवस्था बदलत सगळ्यांना चालवणारं स्टेट मशीन. यातल्या प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे, म्हणून हे उदाहरण.

आधी: नेमकं काय उलटतं

अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉनसारख्या दुय्यम कणांचा वर्षाव होतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तो सिलिकॉनच्या अणुकेंद्रकाला धडकला की भारित तुकडे उडतात, ते जाता जाता विद्युतभाराची रेघ सोडतात आणि मेमरीच्या पेशीतला बिट उलटतो. हाच एसईयू, म्हणजे ‘सिंगल इव्हेंट अपसेट’. कक्षेत न्यूट्रॉनऐवजी प्रोटॉन आणि जड आयन हे काम करतात, आणि ब्राझीलजवळच्या दक्षिण अटलांटिक पट्ट्यावरून जाताना त्यांचा मारा एकदम वाढतो. चिपच्या पॅकेजमधल्या सूक्ष्म किरणोत्सारी अशुद्धीतून निघणारे अल्फा कणही बिट उलटवतात. इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी हे १९७० च्या दशकाच्या शेवटी डीरॅमबाबत दाखवून दिलं.

सर्किटची मांडणी एसरॅम मेमरीत साठवणाऱ्या एफपीजीएत मात्र गोष्ट इथे संपत नाही. सोलापूरकराला हा फरक चटकन कळेल. जेकार्ड चादर विणताना एखादा धागा तुटला तर ती एक चादर बिघडते. पण डिझाइनच्या पुठ्ठ्यावर एक भोक चुकीच्या जागी पडलं, तर तो पुठ्ठा बदलेपर्यंत निघणारी प्रत्येक चादर त्याच जागी चुकते. फ्लिप-फ्लॉपमधला, म्हणजे चालू डेटाचा एक बिट धरणाऱ्या पेशीतला, बिट उलटणं म्हणजे तुटलेला धागा. सर्किटची मांडणी ठरवणाऱ्या कॉन्फिगरेशन मेमरीतला बिट उलटणं म्हणजे पुठ्ठ्यातलं चुकीचं भोक. तिथे डेटा तसाच राहतो आणि सर्किटच बदलतं. अँड गेटचा ऑर गेट होतो, एखादी वायर तुटते, नाहीतर दोन वायर एकमेकींना चिकटतात.

आणि ही भोकं किती? दोन्ही बोर्डांवर बसणाऱ्या आर्टिक्स-७ ३५टी चिपच्या बिटस्ट्रीममध्ये, म्हणजे चिपमध्ये भरायच्या कॉन्फिगरेशनमध्ये, १,७५,३६,०९६ बिट आहेत, ब्लॉक रॅमचा मजकूर धरून. फ्लिप-फ्लॉप आहेत ४१,६००. म्हणजे सुमारे चारशेपट. फक्त फ्लिप-फ्लॉपची काळजी घेणारं डिझाइन खऱ्या धोक्याकडे पाठ करून बसलेलं असतं.

पायरी १: तुमच्या जागेचा हिशेब

चिप-उद्योगाच्या जेईडेक या संस्थेच्या मानकात न्यूयॉर्कला समुद्रसपाटीवर १० एमईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचे न्यूट्रॉन दर चौरस सेंटिमीटरला तासाला सुमारे १३ धरतात. ७-सीरिजच्या (आर्टिक्स-७ याच कुटुंबातली) कॉन्फिगरेशन बिटाचं क्रॉस-सेक्शन, म्हणजे न्यूट्रॉनला मिळणारं लक्ष्याचं क्षेत्रफळ, साधारण ७ गुणिले १० चा उणे १५वा घात, इतके चौरस सेंटिमीटर. या दोन्हींना बिटांच्या संख्येने गुणा: दर १० लाख तासांत सुमारे १.६ घटना, म्हणजे एका बोर्डावर एक बिट उलटायला सरासरी ७० वर्षं.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्याने न्यूट्रॉन थोडे वाढतात. पण आपण भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ आहोत, त्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याला न्यूयॉर्कपेक्षा चांगलं झाकतं. दोन्ही परिणाम जवळजवळ फिटंफाट; आकड्याचा अंदाज तोच राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका यंत्रावर एकच एफपीजीए असेल तर या लेखातलं निम्मं काम करायची गरज नाही. वॉचडॉग (सर्किट अडकलं की ओळखणारा टायमर) आणि रीसेट पुरे, उरलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करा. तोच बोर्ड हजार ठिकाणी बसवला, तर महिन्याला एखादी घटना कुठे ना कुठे घडणारच. विमानाच्या उंचीवर न्यूट्रॉनचा मारा काही शेपट होतो. कक्षेसाठी हा गुणाकार चालत नाही; तिथे कक्षेची उंची, कल आणि सूर्याची अवस्था टाकून स्पेनव्हिस किंवा क्रीम यांसारख्या साधनातून दर काढावा लागतो.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रोजेक्टच्या दृष्टीने महत्त्वाची. टेबलावर बोर्ड ठेवून खऱ्या बिघाडाची वाट पाहण्यात अर्थ नाही. बिघाड तुम्हालाच घालावा लागेल, त्याची पद्धत पायरी ७ मध्ये आहे.

पायरी २: कुठलं चुकणं चालेल ते आधी लिहा

संश्लेषण, म्हणजे कोडमधून सर्किट बनवणं, सुरू करायच्या आधी एक पान लिहा. काउंटर एकदा चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात, म्हणून तिथे चूक चालणार नाही. युआर्टवरून गेलेला एखादा बाइट बिघडला तर सीआरसीमुळे (सोबत जाणाऱ्या तपासणीच्या आकड्यामुळे) तो पॅकेट टाकून देता येतो, म्हणून तिथे चालेल. स्टेट मशीन अडकून बसणं सगळ्यात वाईट. बफरमधली एखादी नोंद बिघडली तर ती ‘बिघडलेली’ म्हणून कळली तरी पुरे.

हे लिहिल्यावर लक्षात येतं की सगळ्याच्या तीन प्रती करायची गरज नाही. ज्या भागात आउटपुट फिरून पुन्हा इनपुटला येतं, तिथली चूक आपोआप धुऊन जात नाही. काउंटर, स्टेट मशीन, अॅक्युम्युलेटर हे सगळे त्यात आले. नुसता पाइपलाइनसारखा पुढे वाहणारा भाग असेल, तर बिट दुरुस्त झाल्यावर काही क्लॉकमध्ये चूक बाहेर पडते. जागा कमी असेल तर आधी पहिल्या प्रकाराला संरक्षण द्या.

पायरी ३: टीएमआर, पण फीडबॅकमध्ये व्होटर घालून

तीन प्रती आणि बहुमत, म्हणजेच टीएमआर (ट्रिपल मॉड्युलर रिडन्डन्सी), ही कल्पना जुनी आहे. फोन नॉयमन यांनी १९५६ मध्ये तिच्या जवळची मांडणी केली, आणि सॅटर्न-५ रॉकेटच्या मार्गदर्शन संगणकाचं लॉजिक तिहेरी होतं. व्होटर तर एकाच एलयूटीत, म्हणजे लॉजिकचं कोष्टक साठवणाऱ्या एका छोट्या घटकात, मावतो: तीनपैकी कुठल्याही दोन प्रती ‘एक’ म्हणत असतील तर ‘एक’.

खरी मेख व्होटर कुठे बसवायचा यात आहे. तीन काउंटर स्वतंत्र चालवून फक्त शेवटी मत घेतलं, आणि पहिल्या काउंटरच्या लॉजिकमधला बिट उलटला, तर पहिला काउंटर भरकटतो. तुम्ही तो बिट दुरुस्त केलात. काउंटरचं लॉजिक बरं झालं, पण त्याच्यातला आकडा चुकलेलाच राहिला. तो उरलेल्या दोघांना पुन्हा कधीच गाठणार नाही. पुढचा बिघाड दुसऱ्या प्रतीत झाला की बहुमत संपलं. म्हणून प्रत्येक प्रतीने पुढचा आकडा स्वतःच्या जुन्या आकड्यातून नव्हे, तिघांच्या मतातून काढायचा. आणि मत घेणारा व्होटरही प्रत्येक प्रतीला वेगळा, म्हणजे तीन व्होटर. एकच व्होटर ठेवलात तर नवा कच्चा दुवा तोच.

इनपुटकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बाहेरून येणारी पल्स आपल्या क्लॉकशी जुळलेली नसते, म्हणून तिला सिंक्रोनायझर लागतो, आणि तीन प्रतींना तीन सिंक्रोनायझर. काठावर आलेली पल्स एका प्रतीला एक क्लॉक आधी दिसते, दुसऱ्यांना नंतर. किरण नाही, बिघाड नाही, तरी तिघांत मतभेद! एखादी प्रत आधीच बिघडलेली असेल तर उरलेल्या दोघांच्या अशा मतभेदात पल्स चक्क हरवते. त्यामुळे सिंक्रोनायझरनंतर आणि कडा ओळखणाऱ्या लॉजिकच्या आधी व्होटर घाला.

आता व्हिव्हाडोशी झुंज. संश्लेषणाला तीन सारख्या प्रती दिसल्या की तो त्या निरुपयोगी समजून एक करून टाकतो, आणि हे काम तो चोख करतो. प्रत्येक प्रत वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा, तिच्यावर आणि व्होटरवर ‘डोन्ट टच’ लावा, आणि संश्लेषणानंतरचा युटिलायझेशन रिपोर्ट उघडून मोजा. ३२ बिटी काउंटरला ९६ फ्लिप-फ्लॉप दिसले पाहिजेत. ३२ दिसले तर तुमचा टीएमआर फक्त कोडमध्ये आहे. आरटीएलच्या, म्हणजे संश्लेषणाआधीच्या कोडच्या, सिम्युलेशनमध्ये ही चूक कधीच दिसत नाही, कारण तिथे तिन्ही प्रती शाबूत असतात. हातानं लिहायचा कंटाळा असेल तर ब्रिगम यंग विद्यापीठातल्या गटाचं स्पायडरनेट हे पायथनमधलं साधन संश्लेषणातून निघालेल्या नेटलिस्टवरच प्रती आणि व्होटर घालतं. पहिला काउंटर मात्र हातानेच लिहा, म्हणजे साधन काय करतं ते कळेल.

पायरी ४: स्टेट मशीन, शिफ्ट रजिस्टर, ब्लॉक रॅम

स्टेट मशीनच्या कोडमध्ये ‘अदर्स’ (उरलेल्या सगळ्या अवस्थांसाठीची फांदी) लिहिलं म्हणजे आपण सुरक्षित, हा गैरसमज घट्ट बसलेला आहे. त्या अवस्थेत जाता येत नाही असं संश्लेषणाने ठरवलं की ती फांदी उडते. व्हिव्हाडोत ‘एफएसएम सेफ स्टेट’ हा गुणधर्म द्यावा लागतो. त्यातला ‘ऑटो सेफ स्टेट’ एका बिटाची चूक सुधारेल असं एन्कोडिंग निवडतो, ‘रीसेट स्टेट’ भरकटलेल्या मशीनला सुरुवातीला आणतो. मात्र हे फक्त स्टेट रजिस्टरचं संरक्षण झालं. पुढची अवस्था ठरवणाऱ्या लॉजिकचा कॉन्फिगरेशन बिट उलटला तर ते काही करू शकत नाही. आपल्या उदाहरणात स्टेट मशीन लहान आहे, तेव्हा सरळ टीएमआर करा.

एलयूटीला शिफ्ट रजिस्टर किंवा छोटी मेमरी म्हणून वापरणं या डिझाइनमध्ये टाळा. त्या एलयूटीचा मजकूर चालता चालता बदलतो, त्यामुळे कॉन्फिगरेशन तपासताना ते बिट झाकून ठेवावे लागतात आणि दुरुस्तीच्या कक्षेबाहेर राहतात. ‘एसएचरेग एक्स्ट्रॅक्ट’ बंद करा.

ब्लॉक रॅमचंही तसंच, स्क्रबिंग (कॉन्फिगरेशन चाळून दुरुस्त करणं, पायरी ५) तिचा मजकूर दुरुस्त करत नाही. तिच्यात स्वतःचा ईसीसी (चूक सुधारणारा कोड) आहे: ६४ बिट डेटामागे ८ बिट, एक चूक सुधारते, दोन चुका असल्या तर कळवते. पण वाचताना सुधारलेला शब्द फक्त बाहेर येतो, आतली पेशी चुकलेलीच राहते. तिथे दुसरा बिट उलटला की सुधारणा संपली. म्हणून मोकळ्या वेळात पत्त्यामागून पत्ता वाचून, सुधारलेला शब्द परत लिहिणारं छोटं सर्किट जोडा.

पायरी ५: दुरुस्ती, आणि तिच्याशिवायचं गणित

एका प्रतीची विश्वसनीयता, म्हणजे ती अजून चालू असण्याची शक्यता, र असेल, तर तिघींपैकी किमान दोन चालू असण्याची शक्यता ३र² − २र³. र ०.९ असेल तर उत्तर ०.९७२, म्हणजे फायदा. र ०.५ असेल तर ०.५, फायदा शून्य. ०.४ असेल तर ०.३५२, म्हणजे चक्क तोटा. वेळ जाईल तसा र घटतो, आणि सरासरी आयुष्य काढलं तर दुरुस्ती नसलेल्या टीएमआरचं आयुष्य एकट्या सर्किटच्या ५/६ भरतं. तीन प्रती म्हणजे लक्ष्यही तिप्पट मोठं.

समजा, एक प्रत सरासरी १० दिवसांत बिघडते. एकट्या सर्किटचं आयुष्य १० दिवस. दुरुस्तीविना टीएमआरचं ८.३ दिवस. आता बिघडलेली प्रत सरासरी एका मिनिटात दुरुस्त होऊ लागली, तर हेच आयुष्य सुमारे २४,००० दिवसांवर जातं, म्हणजे ६५ वर्षं. प्रती त्याच, व्होटर तेच. फरक फक्त दुरुस्तीचा.

ही दुरुस्ती म्हणजे स्क्रबिंग. ७-सीरिजमध्ये कॉन्फिगरेशन ३,२३२ बिटांच्या फ्रेममध्ये विभागलेलं असतं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये ईसीसीचे १३ बिट असतात. चिपच्या आत आयकॅप नावाचं दार आहे, त्यातून चालत्या सर्किटची फ्रेम वाचता आणि परत लिहिता येते. ३२ बिट रुंदी आणि १०० मेगाहर्ट्झ धरले तर सगळा बिटस्ट्रीम साडेपाच मिलिसेकंदात चाळून होतो. हे सगळं स्वतः लिहायची गरज नाही. व्हिव्हाडोतला ‘सॉफ्ट एरर मिटिगेशन’ कोअर, ज्याला सगळे ‘सेम’ म्हणतात, फ्रेम चाळतो, चूक सुधारतो आणि युआर्टवर कळवतो. त्याच्या ‘एन्हान्स्ड रिपेअर’ प्रकारात शेजारशेजारचे दोन उलटलेले बिटही सुधारतात. एकाच कणाने शेजारचे दोन बिट उलटणं २८ नॅनोमीटरच्या चिपमध्ये नवलाचं नाही, म्हणून तोच निवडा.

पायरी ६: प्रती खरंच वेगळ्या आहेत का

वरचे ६५ वर्षं कागदावरचे आहेत. त्यात गृहीत धरलं होतं की एक बिट एकाच प्रतीला बिघडवतो. प्रत्यक्षात वायर जोडणाऱ्या स्विचबॉक्समधला एकच बिट उलटला तर शेजारून जाणाऱ्या दोन वायर जोडल्या जाऊ शकतात, आणि त्या वेगवेगळ्या प्रतींच्या असतील तर दोन प्रती एकदम जातात. बहुमत चुकीच्या बाजूला जातं आणि व्होटर इमानदारीने चुकीचं उत्तर देतो.

याची किंमत बघा. हजारातल्या एका बिघाडाने दोन प्रती एकत्र मारल्या, एवढंच धरू. आयुष्य ६५ वर्षांवरून ८ वर्षांवर येतं. मग कुणी म्हणेल, स्क्रबिंग जलद करू, मिनिटाऐवजी सेकंद. साठपट जलद केलं तरी ८ ची ९ वर्षं होतात, बस. छत आता सामायिक बिघाडाने ठरतं. माझ्या मते या विषयात वेळ घालवायचाच तर तो इथे घालवावा. लोक मात्र स्क्रबरचा वेग वाढवण्यात रमतात.

उपाय: तिन्ही प्रतींना वेगवेगळे पी-ब्लॉक (चिपवरच्या राखीव जागा) द्या, मधे एखादा रिकामा स्तंभ सोडा. व्होटरकडे येणाऱ्या वायर एकत्र येणारच, त्यामुळे संकर पूर्ण संपत नाही. व्होटर कमी ठेवले तर तो घटतो. फीडबॅकच्या प्रत्येक वळणावर एकदा मत घ्या, प्रत्येक गेटनंतर नको. वायर लांबल्याने टायमिंग घसरतं. आपल्या काउंटरला १०० मेगाहर्ट्झची गरज नसेल तर सरळ ५० वर आणा. सोलापूरच्या मे महिन्यात, पंखा नसलेल्या खोलीत, तिप्पट झालेलं लॉजिक चिप आणखी तापवतं. या बोर्डांवरची चिप व्यावसायिक दर्जाची असेल तर तिच्या जंक्शनची मर्यादा ८५ अंश आहे. एक्सएडीसी या चिपमधल्याच मोजणीच्या भागातून तापमान वाचून नोंदीत टाका, नाहीतर उष्णतेने झालेली चूक तुम्ही किरणांच्या खात्यावर मांडाल.

सामायिक गोष्टी आणखी आहेत: क्लॉक, रीसेट, आयकॅप आणि खुद्द सेम कोअर. एका चिपमध्ये यांना पर्याय नाही, म्हणून बाहेर एक पहारेकरी हवा. सेम ‘हार्टबीट’ सिग्नल देतो. तो थांबला की बाहेरच्या छोट्या सर्किटने एफपीजीए फ्लॅशमधल्या मूळ बिटस्ट्रीमवरून नव्याने भरावा. हा पहारेकरी शक्यतो फ्लॅशवर आधारलेल्या एफपीजीएत ठेवतात, कारण त्याच्या कॉन्फिगरेशनच्या पेशी अशा धक्क्याने उलटत नाहीत. टेबलावर साधा मायक्रोकंट्रोलर चालेल. लॅच-अप झाला, म्हणजे कणाच्या धक्क्याने चिपमध्ये शॉर्टसारखा प्रवाह सुरू झाला, तर टीएमआर आणि स्क्रबिंग दोन्ही निकामी. करंट मोजून लगेच वीज तोडणं हाच इलाज. कक्षेचं नाव घेणाऱ्या प्रोजेक्टमध्ये हा करंट-लिमिट नसेल तर एक्स्टर्नलने तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

पायरी ७: बिघाड घालून पाहणं

सेम कोअरला युआर्टवरून ‘आय’ पाठवला की तो थांबतो, ‘एन’ आणि पत्ता पाठवला की त्या पत्त्यावरचा बिट उलटवतो, ‘ओ’ पाठवला की पुन्हा चाळायला लागतो. बाकी सगळं पीसीवरचा पायथन प्रोग्राम करेल.

पत्ते कुठून आणायचे? पूर्ण चिपवर यादृच्छिक पत्ते टाकलेत, आणि तुमचं सर्किट चिपचा एक कोपराच व्यापत असेल, तर बहुतेक बिट रिकाम्या जागी पडतील आणि निकाल छान दिसेल. त्याऐवजी बिटस्ट्रीमच्या सेटिंगमध्ये ‘इसेन्शियल बिट्स’ चालू करा. व्हिव्हाडो तुमच्या सर्किटशी संबंध असलेल्या बिटांची फाइल देतो, त्यातून यादृच्छिक निवड करा. फाइलच्या सुरुवातीला मथळा आणि रिकामी फ्रेम असते, त्यामुळे पत्ता एका फ्रेमने सरकण्याची चूक सहज होते. आधी संरक्षण नसलेल्या सर्किटवर चालवून बघा. इसेन्शियल बिट उलटवूनही जवळजवळ काहीच बिघडत नसेल तर पत्ते चुकलेत, सर्किट मजबूत नाही झालेलं.

एका इंजेक्शनचा क्रम असा ठेवा. सर्किट चालू आणि बरोबर आहे याची खात्री, सेम थांबवा, बिट उलटवा, ठरलेल्या पल्स पाठवून आउटपुट पीसीवरच्या मॉडेलशी ताडून पाहा, स्क्रबिंग सुरू करा, दुरुस्तीनंतर पुन्हा ताडून पाहा. अजून चूक असेल तर रीसेट द्या, तरी चूक असेल तर पूर्ण बिटस्ट्रीम भरा. तुलना करणारं सर्किट त्याच चिपमध्ये ठेवू नका. बिट त्यालाच लागला तर निकालच खोटा.

नोंदीत पाच प्रकार पुरतात: काही झालं नाही; चुकलं आणि दुरुस्तीनंतर सुधारलं; रीसेटने सुधारलं; फक्त नव्याने भरल्यावर सुधारलं; सेमच अडकला. तिसऱ्या प्रकारात काउंटर वारंवार दिसला तर फीडबॅकमधला व्होटर कुठेतरी सुटला आहे, पायरी ३ कडे परत जा. टीएमआर असूनही दुसरा प्रकार दिसला तर तो बिट दोन प्रतींना जोडणारा असणार, किंवा एकेरी राहिलेल्या क्लॉक, रीसेट वा आउटपुटवरचा. अशा पत्त्यांची वेगळी यादी करा, पी-ब्लॉक हलवून डिझाइन पुन्हा बांधा आणि पूर्ण चाचणी पुन्हा चालवा. नव्या रूटिंगमध्ये जुन्या पत्त्यांना काही अर्थ उरत नाही, म्हणून फक्त तेच पत्ते तपासून समाधान मानू नका.

किती इंजेक्शन हवीत? ९५ टक्के खात्रीने एक टक्क्याच्या आत आकडा हवा असेल तर वाईटात वाईट स्थितीत ९,६०४. प्रत्येकाला एक सेकंद धरला तर १०,००० इंजेक्शन पावणेतीन तासांत होतात. १०,००० मध्ये एकही चूक निघाली नाही, तरी ‘शून्य’ लिहू नका. अशा वेळी ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की प्रमाण १०,००० मागे तीनपेक्षा कमी आहे. इसेन्शियल बिट १० लाख असतील तर त्यातले ३०० पर्यंत घातक बिट अजून लपलेले असू शकतात.

एक प्रयोग मात्र नक्की करा, कारण व्हायव्हात त्याचा आलेख बोलतो. एकामागून एक बिट उलटवत राहा, आणि कितव्या बिटाला सर्किट कोसळलं ते लिहा. स्क्रबिंग बंद ठेवून एकटं सर्किट, स्क्रबिंग बंद ठेवून टीएमआर, आणि टीएमआर अधिक प्रत्येक बिटानंतर स्क्रबिंग, अशा तिन्हींसाठी शंभरेक वेळा. एकट्या सर्किटच्या आणि टीएमआरच्या रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतील. ते ३र² − २र³ तुमच्याच बोर्डावर दिसतंय. तिसरी रेषा सगळ्यांत हळू खाली येईल, आणि तिला खाली आणणारा बिट जवळजवळ नेहमी पायरी ६ मधला निघेल.

खऱ्या कणांची चाचणी

इंजेक्शनने कॉन्फिगरेशनचे बिट तपासले जातात. फ्लिप-फ्लॉप, लॅच-अप आणि लॉजिकमधून धावणारे क्षणिक पल्स तपासले जात नाहीत. त्यासाठी कणांचा झोत लागतो. देशात जड आयनांसाठी मुंबईचा बीएआरसी-टीआयएफआर पेलेट्रॉन आणि दिल्लीच्या आययूएसीचा पेलेट्रॉन आहे. तिथे वेळ मिळवायला प्रस्ताव लिहावा लागतो, चिपचं झाकण उघडावं लागतं, कारण आयन पॅकेजमधून आत पोचत नाहीत. पदवीच्या प्रोजेक्टसाठी हे बहुधा आवाक्याबाहेरचं आहे, आणि त्यात कमीपणा नाही. स्मोक डिटेक्टर फोडून त्यातला किरणोत्सारी स्रोत काढायचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका: अल्फा कण पॅकेज ओलांडत नाहीत, आणि तो स्रोत हाताळणं बेकायदा आणि धोक्याचं आहे. अहवालात ‘रेडिएशन टेस्टेड’ असा शब्द न वापरता ‘कॉन्फिगरेशन फॉल्ट इंजेक्शनने तपासलेलं’ असं लिहा.

रात्रभर चाचणी लावणार असाल तर सोलापूरची वीज लक्षात ठेवा. बोर्ड आणि पीसी यूपीएसवर घ्या, प्रत्येक इंजेक्शनची ओळ लगेच फाइलमध्ये लिहून फाइल बंद करा: वेळ, पत्ता, बिटस्ट्रीमची ओळख, तापमान, निकालाचा प्रकार. यादृच्छिक क्रमाचं बीज पहिल्याच ओळीत ठेवा. वीज गेली तर शेवटची ओळ वाचून तिथूनच पुढे सुरू करता येतं, आणि गाइडने एखादा निकाल पुन्हा दाखवायला सांगितला तर तोच पत्ता त्याच बिटस्ट्रीमवर लगेच उलटवता येतो.